हिरवळीची विरळणी : वसईच्या अंगणासाठी स्कॅरिफायर

अर्नाळ्यापासून नवापूर, राजोडी, कळंब, भुईगाव, गिरीज असा वळसा घेत वसई गावापर्यंत पसरलेला जो पश्चिमेचा वाड्यांचा पट्टा आहे, त्यात घराभोवतीच्या मोकळ्या जागेत केवळ शोभेसाठी गवत वाढवावे ही कल्पना तीन पिढ्यांपूर्वी क्वचितच कोणाच्या मनाला शिवली असती. कारण जिथे हातभर माती मोकळी दिसे तिथे केळीचा मुनवा, पानवेल किंवा सोनचाफ्याचे कलम लावले जाई, आणि हरळी दृष्टीस पडताच तिच्या काशा वेचून बांधावर उन्हात वाळत टाकणे हे वाडीवाल्याचे नित्यकर्म होते. आज त्याच पट्ट्यात वाड्यांच्या पोटात बंगले उभे राहिले आहेत, किनाऱ्यालगत रिसॉर्टे झाली आहेत, रेल्वेच्या दोन्ही अंगांस गृहनिर्माण संस्थांच्या आवारांत हिरवळीचे लहानमोठे तुकडे राखले जात आहेत, आणि ज्या हरळीचा आपल्या आजोबांनी उच्छेद मांडला होता तिचेच आपण खतपाणी घालून संगोपन करीत आहोत. या संगोपनाच्या ओघात गवत कापण्याचे यंत्र घरोघरी परिचित झाले. त्याच्या पाठोपाठ आता ज्याविषयी विचारणा होते ते यंत्र म्हणजे स्कॅरिफायर, अर्थात हिरवळीच्या बुडाशी साचलेला मृत काड्यामुळ्यांचा थर खरवडून बाहेर काढणारे यंत्र. ते घ्यावे काय, घेतल्यास कोणत्या जातीचे घ्यावे, आणि आपल्या मातीत व हवामानात ते केव्हा चालवावे, या प्रश्नाचा साकल्याने विचार करण्याचा येथे उद्देश आहे.

हे यंत्र ज्या भूमीत जन्मले तिथली गरज आणि आपली गरज यांत मोठे अंतर आहे, ही गोष्ट खरेदीदाराने आरंभीच ध्यानात घ्यावी. इंग्लंडातील ग्लॉस्टरशरमध्ये एडविन बडिंग या कारागिराने लोकरी कापडावरील तंतू कातरणाऱ्या गिरणीतील यंत्रावरून कल्पना घेऊन १८३० साली गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट मिळविले, आणि तेथून घरगुती हिरवळीचा जो प्रसार झाला तो थंड, ओलसर, मंद सूर्यप्रकाशाच्या प्रदेशांत झाला. तिथे गवताचा मुख्य शत्रू म्हणजे हिवाळ्यात दाटणारे शेवाळ. म्हणून युरोपीय कारखान्यांची माहितीपत्रके पहिल्याच वाक्यात शेवाळ काढण्याची ग्वाही देतात. वसईतही श्रावण-भाद्रपदात इमारतीच्या उत्तरेकडील सावलीत जमिनीवर हिरवट, बुळबुळीत थर धरतो. परंतु तो पाणी न निचरणाऱ्या, पायांखाली घट्ट झालेल्या मातीचा व प्रकाशाच्या अभावाचा परिणाम असतो. तो यंत्राने खरवडला तरी आठ-पंधरा दिवसांत पुन्हा येतो, आणि निचऱ्याची वाट काढून दिली व झाडाच्या खालच्या फांद्या छाटल्या तर यंत्रावाचून जातो. तेव्हा शेवाळासाठी हे यंत्र घेण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो त्याने सोडून द्यावा.

आपल्याकडे यंत्राचे प्रयोजन उरते ते थॅच या नावाने ओळखल्या जाणाऱ्या थरापुरते. गवताची हिरवी पाती आणि माती यांच्या मधोमध जुने धावते देठ, काशा, मुळ्या व पात्यांचे कठीण तळ यांचा गुंता साठत जातो. त्यातील लिग्निन हा काष्ठमय घटक सावकाश कुजत असल्यामुळे साठा कुजण्याच्या वेगाहून अधिक झाला की थर जाड होतो. हा थर अर्ध्या इंचापर्यंत, म्हणजे सुमारे १२ मिलिमीटर असेल तर तो उपकारकच आहे, कारण तो ओल धरतो आणि पावलांचा आघात सोसतो. त्यापलीकडे गेला की पाणी व खत वरच्या वर अडते, गवत मातीत मुळे न सोडता थरातच सोडते, आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात ते पाहता पाहता करपते. पुष्कळांचा असा समज आहे की कापलेल्या पात्यांचा चुरा हिरवळीवर राहू दिल्याने हा थर वाढतो. वस्तुतः त्या चुऱ्यात बहुतांश पाणी असते आणि तो लवकर कुजतो. थर वाढतो तो युरियाच्या अतिरिक्त मात्रेने, रोजच्या उथळ शिंपणाने, आणि कीटकनाशकांच्या सढळ वापरामुळे गांडुळे नाहीशी झाल्याने. उष्ण व दमट कोकणात जिवंत मातीवर थर कुजण्याची क्रिया वेगाने चालते. यास्तव शेणखतावर व बेताच्या पाण्यावर पोसलेल्या कित्येक हिरवळींत तो मर्यादेबाहेर गेलेलाच आढळत नाही. खातरजमा करणे सोपे आहे. धारदार सुरीने हिरवळीच्या दोन-तीन ठिकाणी चार बोटे खोल अशी त्रिकोणी खाप काढावी, हिरव्या भागाखालचा तपकिरी, तंतुमय पट्टा मोजपट्टीने मोजावा, आणि खाप जशीच्या तशी परत बसवावी. ही तपासणी केल्यावाचून यंत्राच्या दुकानात जाऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

थराइतकेच मातीकडे पाहणे आवश्यक आहे, आणि येथे वसई-विरारची परिस्थिती फार विचित्र आहे. किनाऱ्यालगतच्या गावांत जमीन वाळूसर, मोकळी, निचऱ्याची; तीत यंत्राची पाती सुखाने चालतात, किंबहुना इतकी सुखाने की बेसावध माणूस ती गरजेपेक्षा खोल जाऊ देतो आणि मुळांसकट गवताचे गाद्यागत तुकडे उपसून काढतो. खाडीच्या अंगाला, जुन्या खाजणांच्या कडेला, माती चिकण आणि जड आहे. ती ओली असता पात्यांना लिंपून बसते व वाळली की विटेसारखी कठीण होते, त्यामुळे वाफसा असण्याचे मोजके दिवसच कामाचे ठरतात. परंतु सर्वांत अडचणीची जमीन ती भरावाची. नव्या वसाहतींपैकी अनेकींच्या आवारात मुरूम, दगडगोटे व पाडकामाचा राडारोडा यांचा भराव घालून त्यावर लाल मातीचा वीतभरही नसलेला थर पसरलेला असतो, आणि त्यावरच नर्सरीतून आणलेल्या गवताच्या लाद्या अंथरलेल्या असतात. अशा जमिनीवर पक्क्या पात्यांचे यंत्र फिरविले की पाते विटेच्या तुकड्यावर आपटते, वाकते किंवा मोडते, आणि मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या रोटरखालून खडा गोळीच्या वेगाने बाहेर येतो. या हिरवळींचा खरा रोग थॅच नसून घट्ट झालेली, श्वास कोंडलेली माती हा असतो. त्यावर काट्याने किंवा पोकळ नळ्यांच्या एरेटरने भोके पाडून, त्यांत जाड वाळू व चाळलेले गांडूळखत भरणे हा उपाय आहे. स्कॅरिफायर पृष्ठभाग विंचरतो, खोल जात नाही. म्हणून घट्टपणाच्या तक्रारीवर तो देणे म्हणजे निदान चुकविणे होय. माती आम्लधर्मी झाली असल्यासही थर कुजेनासा होतो, म्हणून चुना टाकण्याआधी डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या कृषि विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी तिची तपासणी करून घेणे इष्ट.

त्यानंतर गवताचा प्रश्न. आपल्या हिरवळींत प्रामुख्याने तीन वर्गांची गवते दिसतात. पहिली हरळी आणि तिच्या निवडक जाती. या गवताला जमिनीवर धावणारे देठ आहेत तशाच जमिनीखाली काशाही आहेत, त्यामुळे वरचा भाग निर्दयपणे खरवडला तरी ते खालून पुन्हा उसळते. स्कॅरिफायर निर्धास्तपणे चालवावा असे आपल्याकडील गवत हेच. दुसरा वर्ग नर्सरीवाले ‘मेक्सिकन’ व ‘कोरियन’ या नावांनी विकतात त्या गवतांचा. ती बहुतेक झॉयशिया या वंशातली. त्यांनाही काशा असतात, पण वाढ मंद, आणि विशेषतः बारीक पानांच्या जातीत हिरवळ उंचवटे धरून फुगत जाते. थर सर्वांत जाड साचतो तो इथे, आणि जखम सर्वांत सावकाश भरून येते तीही इथेच. तेव्हा झॉयशियाच्या हिरवळीवर एकदाच खोल फिरविण्याऐवजी दरवर्षी एकवार हलका हात द्यावा. तिसरे गवत सेंट ऑगस्टिन, रुंद पानांचे, नारळी-आंब्याच्या सावलीत तगणारे, आणि म्हणूनच वाडीतल्या बंगल्यांत लोकप्रिय. त्याचा सारा संसार जमिनीवरच्या धावत्या देठांवर आहे, खाली काशांचा राखीव साठा नाही. त्यावर पक्क्या पात्यांचे यंत्र चालविले तर हिरवळीचा नाश ओढवतो. ज्यांच्या दारी हे गवत आहे त्यांनी हा लेख येथे मिटवून हाती पंजा घेतला तरी त्यांचे काही उणे होणार नाही.

आता यंत्रांविषयी. बाजारात एकाच नावाखाली दोन भिन्न वस्तू विकल्या जातात आणि खरेदीदाराची बहुतेक निराशा या सरमिसळीतून उद्भवते. पहिली वस्तू म्हणजे आडव्या रोटरवर पोलादी पाती उभी बसविलेला खरा स्कॅरिफायर; त्याची पाती थर चिरतात, धावते देठ तोडतात आणि मातीला दोन-तीन मिलिमीटर ओरखडा काढतात. गोल्फच्या व क्रिकेटच्या मैदानांवर जी उभ्या पात्यांची मोठी यंत्रे वापरतात त्यांचा हा धाकटा भाऊ. दुसरी वस्तू म्हणजे रोटरवर स्प्रिंगसारख्या पोलादी तारांचे दाते असलेले यंत्र. ते मातीला न शिवता सुटे मृत गवत विंचरून वर आणते. पहिले यंत्र शस्त्रक्रियेच्या कामाचे, दुसरे नित्याच्या स्वच्छतेचे. अलीकडे दोन्ही रोटर अदलाबदलीने बसतील अशी जोडयंत्रे मिळतात, आणि वसईच्या घरगुती हिरवळीसाठी शिफारस करावयाची झाल्यास ती मी निःशंकपणे या जोडयंत्राची करीन. कारण वर्षातून एकदा तारांचा रोटर आणि दोन-तीन वर्षांतून एकदा, तेही हरळीवरच, पात्यांचा रोटर असा क्रम येथील बहुतेक आवारांना पुरेसा आहे. पाती पक्की घट्ट बसविलेली आहेत की खिळीवर मोकळी झुलणारी आहेत, हेही पाहून घ्यावे. झुलणारे पाते दगडावर आदळल्यास मागे सरते, त्यामुळे भरावाच्या जमिनीवर तेच सुरक्षित.

शक्तीच्या दृष्टीने तीन प्रकार: वायरीवर चालणारे, बॅटरीचे आणि पेट्रोलचे. घरगुती वापराची वायरीची यंत्रे साधारणतः ११०० ते १८०० वॉटची असतात. बॉशच्या ११०० वॉटच्या यंत्राची रुंदी ३२ सेंटीमीटर आहे, श्टीलच्या १५०० वॉटच्या यंत्राची ३४. आइनहेल आणि अल-को या जर्मन कंपन्यांची यंत्रेही याच मापांच्या आसपास आहेत. आपला व्यवहार गुंठ्यांत चालतो, म्हणून हिशेब त्या मापात मांडतो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. ३२ सेंटीमीटर रुंदीचे यंत्र एकवार सर्वत्र फिरवायला सुमारे ३१५ मीटर चालावे लागते. यावरून दिसेल की एक-दोन गुंठ्यांसाठी रुंदीचा हव्यास व्यर्थ आहे. अर्ध्या गुंठ्याच्या आतील हिरवळीला यंत्राची मुळीच गरज नाही, स्प्रिंगच्या तारांचा हातपंजा आणि एक सकाळ पुरे. एक ते पाच गुंठ्यांपर्यंत वायरीचे यंत्र, आणि त्याहून विस्तीर्ण रिसॉर्ट वा क्रीडांगण असेल तरच पेट्रोलचे, अशी माझी वाटणी आहे. पेट्रोलचे इंजिन वर्षातून एक-दोनदा चालवून उरलेले महिने पडून राहिले की टाकीतले इंधन खराब होऊन कार्ब्युरेटर चोंदतो, आणि पावसाळ्यानंतर ते सुरू करण्यासाठी मेकॅनिकच्या दारात जावे लागते. बॅटरीचे यंत्र हाताळायला सर्वांत सुखद खरे, परंतु जाड थरात दात्यांवर ताण येताच बॅटरी झपाट्याने उतरते. ज्या घरी त्याच कंपनीचे गवत कापण्याचे यंत्र व बॅटऱ्या आधीच आहेत त्यांनाच ते परवडेल.

वायरीच्या यंत्राला विजेचा बंदोबस्त नीट हवा. १५०० वॉटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे साडेसहा अँपिअर खेचते. दिवाणखान्यातल्या लहान सॉकेटमध्ये ते न लावता १६ अँपिअरच्या पॉइंटवर लावावे, वायर तांब्याची, निदान १.५ चौरस मिलिमीटर जाडीची आणि लांबी तीस मीटरांहून अधिक झाल्यास २.५ ची घ्यावी, व त्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच असल्याची खात्री करून घ्यावी. दवाने भिजलेल्या गवतावर विजेचे यंत्र चालविणे हे जिवाशी खेळणे आहे. येथे एक गोष्ट वसईपुरती विशेष नमूद करावीशी वाटते. आपल्याकडील असंख्य कुटुंबांतील माणसे आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात नोकरीस आहेत, आणि गावी येताना अवजारे घेऊन येण्याची प्रथा आहे. ऑस्ट्रेलिया किंवा युरोपातील यंत्र केवळ प्लग बदलून चालते. अमेरिका-कॅनडातील यंत्रे मात्र १२० व्होल्टची असतात, त्यामुळे तिकडे फार खपणारा सन जो कंपनीचा डीथॅचर, म्हणजे थॅच काढणारे यंत्र, येथील सॉकेटला जोडला की मोटार जळते. हौसेने सामानात भरण्यापूर्वी यंत्राच्या पाटीवरचा आकडा वाचावा.

विक्रेते ज्या गोष्टीचे गुणगान करतात ती म्हणजे गवत गोळा करणारी पेटी. ३० ते ५० लिटरची ही पेटी दाट थरात दोन-चार पट्ट्यांत भरते, आणि दर वेळी यंत्र थांबवून ती रिती करण्यात काम दुप्पट होते. त्यापेक्षा ती काढून ठेवावी आणि निघालेला सारा काडीकचरा मागाहून पंज्याने ओढावा. ज्याकडे खरोखर पाहावे ते खोलीचे नियंत्रण. ते चारपाच टप्प्यांचे, हाती सहज फिरणारे आणि काम चालू असता न सरकणारे असावे. पहिला फेरा दाते जमिनीला जेमतेम टेकतील इतक्या उंचीवर घ्यावा आणि गरजेनुसार एकेक टप्पा खाली यावे. दुसरी पाहण्याची गोष्ट सुटे भाग. तारांचे दाते झिजणारच, आणि समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत ते इतरत्रपेक्षा लवकर गंजतात. बदली रोटर मुंबईत वा वसईत मिळण्याची सोय नसेल तर यंत्र कितीही नामांकित असले तरी ते दोन-तीन हंगामांनी निरुपयोगी होईल. वापरानंतर प्लग काढून दाते पुसावेत, तेलाचा हात फिरवावा आणि यंत्र जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवावे, कारण पावसाळ्यात तळमजल्याच्या कोठारात पाणी शिरण्याचा अनुभव या तालुक्याला नवा नाही.

शेतीच्या दुकानातील पॉवर वीडर स्वस्तात किंवा सरकारी अनुदानात मिळतो म्हणून तो हिरवळीवर फिरविण्याचा मोह काहींना होतो. त्याचे फण माती उलथण्यासाठी घडविलेले असतात, त्याने हिरवळीची नांगरट होईल. ब्रश कटरही या कामाचा नाही.

वेळेचा प्रश्न मला यंत्राच्या निवडीहूनही महत्त्वाचा वाटतो. युरोपातील पुस्तके शरद व वसंत सांगतात ती तिकडच्या थंड हवेतील गवतांसाठी; आपली गवते उष्ण ऋतूतील आहेत आणि ती जोमाने वाढत असतानाच ही जखम भरून येते. वसईत वर्षाला २००० मिलिमीटरच्या आसपास वा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सारा जून ते सप्टेंबरात. त्या महिन्यांत जमीन चिखल असते. मे अखेरीस खरवडावे तर मृगाच्या सरी उघडी पडलेली माती वाहून नेतात. उरतात दोन संधी, पाऊस ओसरल्यानंतरचा ऑक्टोबर आणि थंडी सरतानाचा मार्च. पहिलीत जमिनीत ओल असते, ऊन लख्ख असते, गवताची वाढ अद्याप चालू असते. दुसरीत सारा भार विहिरीवर किंवा टँकरवर पडतो. खरवडलेल्या हिरवळीला सावरण्यासाठी दोन-तीन आठवडे नियमित पाणी लागते. दिवसाला ५ मिलिमीटर धरले तरी गुंठ्याला सुमारे ५०० लिटर होतात. ज्या तालुक्यात विहिरींचा बेसुमार उपसा होऊन पाणी मचूळ होत गेले, जिथल्या बावखल नावाच्या तळ्यांनी पिढ्यान् पिढ्या पावसाचे पाणी जमिनीत मुरविले आणि ज्यांतली कित्येक बुजविली गेली, जिथे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीला वाड्या व पाणी वाचविण्यासाठी लोकांना रस्त्यावर आणावे लागले, तिथे मार्चमध्ये शोभेच्या गवतासाठी एवढे पाणी खर्ची घालणे मला समर्थनीय वाटत नाही. म्हणून माझा कौल निरपवादपणे ऑक्टोबरला, कोजागिरी ते दिवाळी या पंधरवड्याच्या आगेमागे. आदल्या दिवशी गवत नेहमीपेक्षा आखूड कापावे, एका दिशेने व नंतर किंचित तिरक्या दिशेने फेरा घ्यावा, काडीकचरा उचलावा, वाळू व चाळलेले खत पातळ पसरावे आणि मग पाणी द्यावे. काढलेल्या हरळीच्या तुकड्यांतून नवे कोंब फुटतात. ते शेजारच्या वाडीच्या बांधावर टाकू नयेत, उन्हात कडक वाळवूनच खतात घालावेत.

राहिला खर्चाचा मुद्दा. वर्षातून एक दिवस, फार तर दोन दिवस चालणारे यंत्र प्रत्येक बंगल्याने स्वतंत्र घेण्यात काही अर्थ नाही. एका आळीतील चार-पाच घरांनी, किंवा लगतच्या दोन-तीन गृहनिर्माण संस्थांनी मिळून १५०० वॉटचे, झुलत्या पात्यांचे, दोन्ही रोटर असलेले एक यंत्र घ्यावे, त्याच वेळी तारांचा एक बदली रोटर घेऊन ठेवावा, आणि वापर व देखभाल यांची जबाबदारी एकाच जाणत्या माळ्याकडे सोपवावी. संस्थांच्या कार्यकारिणींना माझी विनंती आहे की त्यांनी पावसाळा संपताच प्रथम सुरीची तपासणी करवून घ्यावी, आणि थर अर्ध्या इंचाच्या आत निघाल्यास यंत्रासाठी ठेवलेली रक्कम आवारातील एखादी बुजलेली विहीर किंवा बावखल साफ करण्यास लावावी.